पितरांचे रोम

रोमन धर्म म्हटला की ज्युपिटर, मार्स, व्हीनस ही देवमंडळी आणि त्यांच्या प्रेमाच्या व भांडणांच्या कथा आठवतात. या कथा देखण्या आहेत, परंतु त्यांतील पुष्कळशा ग्रीकांकडून आलेल्या आहेत, आणि सामान्य रोमन कुटुंबाच्या वर्षभराच्या आचारात त्यांना फारशी जागा नव्हती. त्या कुटुंबाचा धर्म घरातील चुलीशी, देवघरातील लारेस या रक्षक देवतांशी आणि सर्वांत अधिक आपल्या पितरांशी बांधलेला होता. नाशिकच्या रामकुंडावर बारा महिने अस्थिविसर्जन, तर्पण आणि पिंडदान चालू असते; रामाने दशरथाचे श्राद्ध येथेच केले, अशी आपली श्रद्धा आहे. ज्याने हे सर्व लहानपणापासून पाहिले आहे, त्याला रोमन धर्माच्या या अंगाकडे जाण्याची वाट पाश्चात्त्य वाचकापेक्षा अधिक सोपी आहे, असे माझे ठाम मत आहे.

रोममध्ये 13 ते 21 फेब्रुवारी हे दिवस पितरांचे असत. पारेंतालिया नावाच्या या पर्वात देवळांचे दरवाजे बंद ठेवीत, वेदींवर अग्नी पेटवीत नसत, विवाह वर्ज्य मानीत आणि अधिकारीही आपली अधिकारचिन्हे उतरवून ठेवीत. कुटुंबे नगराबाहेरच्या थडग्यांकडे जात, कारण नगराच्या हद्दीत मृताला पुरू वा जाळू नये, असा दंडक इ.स.पू. 450च्या सुमारास केलेल्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यातच होता, म्हणूनच रोमहून निघणाऱ्या आप्पिया या प्राचीन मार्गाच्या दुतर्फा आजही थडग्यांची रांग दिसते. कवी ओव्हिडने ‘फास्ती’ या काव्यात पितरांसाठीचा नैवेद्य सांगितला आहे: कौलाच्या तुकड्यावर फुलांच्या माळा, थोडे धान्य, चिमूटभर मीठ, मद्यात भिजवलेली भाकरी आणि काही सुटी व्हायोलेटची फुले. पितर थोडक्यात संतुष्ट होतात, त्यांना श्रीमंती दानापेक्षा निष्ठा प्रिय असते, असे तो बजावतो. एकदा युद्धाच्या धामधुमीत रोमन लोकांनी हे दिवस पाळले नाहीत, तेव्हा पितर थडग्यांतून बाहेर पडून रस्त्यांवर आक्रोश करू लागले, अशी कथाही तो देतो, मात्र आपला तिच्यावर पुरता विश्वास नाही, हेही नोंदवतो. पर्व संपल्यावर 22 फेब्रुवारीला जिवंत आप्तेष्ट एकत्र जेवत आणि आपसांतील तंटे मिटवीत. मे महिन्यातील लेमुरिया हे पर्व याहून वेगळे आणि भयाचे होते: त्यात मध्यरात्री घरचा कर्ता पुरुष अनवाणी पायांनी चालत, तोंड फिरवून काळ्या घेवड्याचे दाणे मागे टाकी आणि घरात भटकणाऱ्या मृतात्म्यांना नऊ वेळा निघून जाण्यास सांगे.

सुतकाची कल्पनाही तेथे होती. मृत्यू झालेल्या घराच्या दाराशी सुरूची डहाळी लावीत, म्हणजे बाहेरच्यांना अशौच कळे. अंत्यविधीहून परतलेल्यांची शुद्धी पाणी शिंपडून आणि अग्नी ओलांडून होई. नवव्या दिवशी थडग्यापाशी भोजन होऊन शोकाचे दिवस संपत. कवी व्हर्जिलच्या ‘एनिड’ या महाकाव्यात जळत्या ट्रॉय नगरातून निघताना नायक एनियास वृद्ध पित्याला खांद्यावर घेतो, पण कुलदेवता मात्र पित्याच्या हाती देतो, कारण युद्धातून आलेल्या आपल्या हातांनी, वाहत्या पाण्यात ते धुतल्याशिवाय, देवतांना स्पर्श करणे त्याला निषिद्ध वाटते. हे सोवळे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच काव्यातील पाचव्या सर्गाचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पित्याच्या मृत्यूला वर्ष पूर्ण होते तेव्हा एनियास सिसिलीत थडग्यापाशी येऊन दोन पात्रे मद्य, दोन पात्रे ताजे दूध आणि दोन पात्रे यज्ञपशूचे रक्त भूमीवर अर्पण करतो. तोच थडग्याच्या तळातून सात वेटोळ्यांचा एक मोठा साप बाहेर येतो, पात्रांमधून सरपटत अन्न चाखतो आणि कोणालाही इजा न करता परत जातो. हा त्या स्थळाचा रक्षक की पित्याचा सेवक, हे एनियासला कळत नाही, तरी तो विधी अधिक उत्साहाने पुन्हा सुरू करतो. दशक्रियेच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळणारे घाटावरचे कुटुंब ज्याने पाहिले आहे, त्याला एनियासचा हा दिलासा आतून उमगतो. अर्पण पोहोचले, याची खूण एखाद्या मुक्या जिवाकडून मिळावी, ही माणसाची गरज दोन्हीकडे सारखी आहे.

मात्र अशा साम्यांवरून एकाने दुसऱ्याचे उचलले, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही, कारण भेद तेवढेच खोल आहेत. आपण अस्थी वाहत्या पाण्यात सोडतो. रामकुंडात त्या विरून जातात, म्हणूनच तेथील अस्थिविलय तीर्थाचे महत्त्व. मृताला पुढची गती मिळावी, हा आपला हेतू असतो. रोमन माणूस अस्थी एका जागी जपून ठेवी आणि त्या जागेशीच नाते सांभाळी. रोमचे बंदर असलेल्या ओस्तियाजवळच्या इसोला साक्रा येथील काही थडग्यांत मद्य आत ओतता यावे म्हणून नळ्या बसवलेल्या आढळल्या आहेत.

ज्याला स्वतःचे थडगे परवडत नसे, त्याची सोय कशी होई, हे रोमजवळच्या लानुवियम या गावातील इ.स. 136च्या शिलालेखावरून कळते. डायना ही देवी आणि मृत्यूनंतर देव मानला गेलेला सम्राट हेड्रियनचा प्रिय तरुण अँटिनोअस यांच्या उपासकांच्या त्या मंडळात गरीब नागरिकांबरोबर दासही सभासद होते. प्रवेशासाठी 100 सेस्टर्शियस (रोमन नाणे) आणि चांगल्या मद्याचा एक घडा, त्यानंतर दरमहा 5 अ‍ॅस (त्याहून लहान नाणे) अशी वर्गणी असे. सभासद मरण पावल्यास अंत्यविधीसाठी 300 सेस्टर्शियस मंजूर होत आणि त्यांतील 50 चितेपाशी वाटले जात. नगरापासून 20 मैलांपलीकडे मृत्यू झाल्यास तिघांना तेथे पाठवून विधी करवीत. आत्महत्या करणाऱ्याला मात्र मंडळाने अंत्यविधीचा हक्क साफ नाकारला होता. त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करताना अपमृत्यू आलेल्यांसाठी पिठाचा पुतळा करून त्यावर संस्कार होतात. तिथे या मंडळाचा नियम मला कठोर वाटतो. परंतु त्याच शिलालेखात असेही लिहिले आहे की, दास सभासद मरण पावला आणि मालकाने त्याचे प्रेत देण्यास अन्यायाने नकार दिला, तर मंडळाने प्रेताशिवाय त्याचा प्रतिमारूप अंत्यविधी करावा. ज्याच्या शरीरावर जिवंतपणी दुसऱ्याची मालकी होती, त्याच्या मृत्यूचा मान सोबत्यांनी वर्गणी भरून, लेखी नियम करून राखला, हे मला रोमन धर्मातील कोणत्याही देवकथेपेक्षा मोठे वाटते.