रिकामी पेटी आणि मी

घर शोधत निघालेला मधमाश्यांचा थवा आपणहून राहायला यावा म्हणून लावायची रिकामी पेटी एका दुपारीच झाली. प्लायवूडच्या जुन्या फळ्या, आत अंदाजे ४० लिटर जागा, तळाशी चार सेंटिमीटरचं भोक, पक्षी शिरू नये म्हणून त्यावर आडवा खिळा. आत जुन्या पोळ्याची एक चौकट, भोकाशी गवती चहाच्या तेलाचे चार थेंब. साडेतीन मीटर उंचीवर झाडाला करकचून बांधली.

पाचव्या दिवशी टेहळणीच्या, म्हणजे थव्यासाठी जागा शोधणाऱ्या, तीन माश्या आल्या. सातव्या दिवशी पंधरा-वीस. आत जायच्या, बाहेर यायच्या, पेटीभोवती घिरट्या घालून परत आत. फळीला कान लावला तर त्यांच्या चालण्याची बारीक खरखर ऐकू यायची. चालून चालूनच त्या पोकळी मापतात. मी घरात सांगून टाकलं, "उद्या थवा येतोय." उद्या आला नाही. परवाही नाही. नवव्या दिवशी एकही माशी नाही.

वैताग कसला, तर हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. एका थव्याच्या टेहळणीच्या माश्या एकाच वेळी बऱ्याच जागा बघतात, परत जाऊन नाचून आपापल्या जागेची भलामण करतात आणि त्यातली एकच पसंत होते. म्हणजे घरी माश्या आल्या म्हणजे लग्न ठरलं असं नाही. त्यात मी रोज शिडी लावून झाकण उघडून बघायचो. हा गाढवपणा करू नका. एकदा असंच उघडलं तर चौकटीवर मेणकिड्याची (पोळं खाणाऱ्या अळीची) जाळी दिसली, तीही माझ्याच हलगर्जीपणामुळे: पोळ्याचा तुकडा जुना हवा, पण किडका नको. नवा रंग तर आत मुळीच नको.

जागा तीच ठेवली, चौकट बदलली, तेल ताजं लावलं आणि झाकणाला हात लावला नाही. तीन आठवड्यांनी दुपारी मोठा घोंघाट झाला. हवेत काळा ढग, मग पेटीच्या तोंडाशी माश्यांचा थर. काही जणी पोट वर करून पंख फडफडवत उभ्या, बाकीच्यांना वास देत बोलावत होत्या. अर्ध्या तासात सगळ्या आत.

अंधार पडल्यावर, भोकाला जाळी ठोकून, दोघांनी मिळून पेटी उतरवली. एकट्याने शिडीवर चढू नका. आणि दोरीला ग्रीस फासा, नाहीतर मुंग्या आधी पोचतात. हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दुसरी पेटी आता लावली आहे. तिच्याकडे तीन दिवसांतून एकदाच बघायचं, असं ठरवलंय. आज दोनदा बघून आलो.