तुम्ही विचारलंत म्हणून: रुळांवरून चालायला गाईड कशाला?

जपानच्या याकुशिमा बेटावरून परत येऊन वर्ष होत आलं, तरी एक प्रश्न पाठ सोडत नाही. नातेवाइकांकडून तो सभ्यपणे येतो: "जपानला गेलात आणि टोकियो-क्योटो सोडून आठवडाभर जंगलात चाललात?" ट्रेकिंगच्या जुन्या मंडळींकडून येतो तो असा: "काय रे, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस तू, आणि पाट्या लावलेल्या वाटेवर पैसे मोजून गाईड घेतलास? वय झालं म्हण की सरळ!"

वय झालंच आहे, एकसष्ट. पण गाईड त्यासाठी नव्हता. म्हणजे, घेताना त्यासाठीच घेतला होता, हे कबूल करतो. बायकोचा गुडघा, भाषेची अडचण, पावसाची धास्ती. चार दिवसांनी कारण बदललं. ते फोनवर सांगायला गेलं की समोरचा मध्येच "बरं, जेवणाचं काय केलंत?" विचारतो, म्हणून लिहूनच काढतो. (जेवणाचं: मी सगळं खातो, मजेत गेलं. बायको शाकाहारी, आणि तिथे साध्या सूपलासुद्धा माशाचा अर्क असतो. तिने भात, तोफू आणि घरून नेलेल्या मेतकुटावर दिवस काढले. संपला विषय.)

क्यूशू या जपानच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकापासून साधारण ६० किलोमीटरवर समुद्रात हे बेट आहे. आकाराने जवळजवळ गोल, क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास. माणसं सगळी किनाऱ्याला धरून राहतात आणि मध्ये नुसते डोंगर. मियानोउरा हे सर्वात उंच शिखर १९३६ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ तीनशे मीटरने उंच, आणि तेही थेट समुद्रातून उठलेलं. ढगांना सुटका नाही. डोंगरात वर्षाला ८००० ते १०,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महिन्यातले पस्तीस दिवस पाऊस, असं तिथे गमतीने म्हणतात. आंबोलीचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला वाटतं, यात काय विशेष? विशेष असं की आपला पाऊस चार महिन्यांत सगळं ओतून मोकळा होतो. दिवाळीनंतर आपल्या दगडांवरचं शेवाळं करपून काळं पडतं. याकुशिमात ते कधी वाळतच नाही. तिथे शेवाळाच्या सहाशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या वर्षभर कामावर असतात.

तिथली प्रसिद्ध झाडं म्हणजे सुगी. इंग्रजीत त्यांना सीडर म्हणतात, म्हणून आपल्याकडे कोणी देवदार लिहितं, पण देवदाराशी त्यांचं नातं लांबचं. दार्जिलिंगला 'धुपी' नावाची उंच, काळपट हिरवी झाडं पाहिली असतील तर ती ही. याकुशिमात हजार वर्षं पार केलेल्या झाडालाच 'याकुसुगी' म्हणायचं. त्याखालचं सगळं 'कोसुगी', म्हणजे पोरंटोरं. आठशे वर्षांचं झाड पोरात धरतात! खाली ग्रॅनाइट, वर जेमतेम माती, त्यामुळे झाड अगदी हळू वाढतं. वर्तुळं दाट, लाकडात राळ भरपूर, म्हणून ते सहजी कुजत नाही. उपाशी राहिल्याने आयुष्य वाढलेली ही मंडळी.

आता गाईडबद्दल. बाई पन्नाशीच्या, मूळच्या ओसाकाच्या. वीस वर्षांपूर्वी इथे आल्या, लग्न केलं आणि राहिल्या. इंग्रजी मोजकंच, पण मोजून वापरायच्या. पहाटे साडेचारला दुकानातून जेवणाचे डबे उचलून आम्ही बसमध्ये बसलो. मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्या वरपर्यंत जाऊ देत नाहीत. आराकावाच्या फाट्यापासून जोमोन सुगी या सर्वात प्रसिद्ध झाडापर्यंत जाऊन येऊन २२ किलोमीटर, दहा तास. त्यातले जातानाचे पहिले सुमारे आठ किलोमीटर चक्क रेल्वेच्या रुळांवरून. अरुंद रूळ, मध्ये फळ्या टाकलेल्या, शेजारी दरी आणि खाली गडगडणारी नदी. वाट चुकायची म्हटली तरी चुकता येणार नाही. मनात म्हटलं, आपले मित्र बरोबरच बोलत होते.

मी सवयीने पुढे सुटलो. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त थांबल्या. मग मलाही थांबावं लागलं. थांबल्या ती जागा म्हणजे झाडीतली एक सपाटी, काही दगडी पायऱ्या आणि त्या पायऱ्यांच्या वर काहीच नाही.

"शाळा," त्या म्हणाल्या.

लाकूडतोड्यांचं गाव होतं ते, कोसुगिदानी. रूळ १९२३ साली पडले ते तोडलेली झाडं खाली न्यायला. १९६० मध्ये इथे ५४० माणसं राहत होती. शाळा होती, दुकान होतं, मुलांच्या शर्यती होत. १९७० साली तोड थांबली, गाव उठलं, आणि पन्नास वर्षांत जंगलाने अंगण भरून काढलं. मी घरून निघताना वाचलं होतं 'प्राचीन, अस्पर्श अरण्य'. माहितीपत्रकात तसंच छापलं होतं. आणि मी उभा होतो एका शाळेच्या मैदानात.

पुढे त्यांनी मला एक बुंधा दाखवला. दाखवला नसता तर मी त्याला खडकच समजलो असतो, इतकं शेवाळं. जमिनीपासून माझ्या डोक्याच्याही वर कापलेला. असा उंचावर कोण कापतं? बाईंनी हाताने आडवी रेघ काढून समजावलं. खाली मुळांपाशी झाड पसरट आणि वेडंवाकडं असतं, म्हणून जुने लोक लाकडाचा माळा बांधून, वर चढून, सरळ भागापासून तोडायचे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हे बेट सात्सुमाच्या सरदारांच्या ताब्यात होतं. इथे भात फारसा पिकत नाही, तर सारा भरायचा लाकडाच्या पट्ट्यांनी, घरांच्या छपरांवर घालतात त्या. पट्ट्या पाडायला लाकूड कसं हवं? सरळ रेषेचं, घाव घालताच उभं चिरलं जाणारं. झाड डोंगरातच फोडायचं आणि पट्ट्या पाठीवर वाहून खाली आणायच्या.

मग त्यांनी बाजूच्या एका जिवंत झाडाकडे बोट केलं. बुंध्यात पुरुषभर उंचीवर एक चौकोनी खाच, कडा सुजून गोल झालेल्या. परीक्षेची खाच होती ती. पाडण्याआधी थोडं कोरून आतली रेष बघायची. सरळ असेल तर कुऱ्हाड, पिळवटलेली असेल तर पुढच्या झाडाकडे. या झाडाची परीक्षा झाली होती आणि ते नापास झालं होतं. म्हणून ते अजून उभं होतं.

मी त्या खाचेकडे बराच वेळ बघत राहिलो. आत पाणी साचलं होतं, त्यात एक शेंगदाण्याएवढं सुगीचं रोप उगवलं होतं.

तेव्हापासून मला ते जंगल वेगळंच दिसायला लागलं. सरळसोट झाड दिसलं की कळायचं, हे तोडीनंतरचं, तीनेकशे वर्षांचं पोर. गाठाळ, पोकळ, वाकडं, तिरपं काही दिसलं की तो म्हातारा. आपण ज्यांना नमस्कार करायला दुनियाभरातून जातो ते सगळे बाजारात न चाललेले! आणि पोरं उभी असतात ती बहुतेक तोडलेल्या बुंध्यांवरच. वरून उजेड येतो, खाली शेवाळाची ओली गादी असते, बी रुजतं. एका ठिकाणी तीन पिढ्या एकावर एक आहेत: आडवं पडलेलं आजोबा झाड, त्यावर वाढून तोडलं गेलेलं बाप झाड, आणि त्या बुंध्यावर आज उभा असलेला नातू. त्याला नावच 'सानदाई सुगी', तीन पिढ्यांची सुगी.

विल्सनचा बुंधा याच वाटेवर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने, क्योटोच्या देवळासाठी तो तोडला असं सांगतात. १९१४ साली अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो पाहून जगाला कळवला, म्हणून त्याचं नाव. आतून पोकळ. आत छोटं देऊळ, पायाखालून झुळझुळ झरा, आणि एका कोपऱ्यातून वर पाहिलं की उघड्या तोंडाचा आकार बदामासारखा दिसतो. त्या कोपऱ्यात फोटोची रांग. आम्हीही लागलो. लाजायचं काय त्यात?

जोमोन सुगीबद्दल खरं सांगायचं तर मी थोडा हिरमुसलो. उंची २५.३ मीटर, घेर १६.४ मीटर, पण हात लावायची सोय नाही. लोकांच्या पायांनी मुळं उघडी पडायला लागली, म्हणून लांबवर लाकडी सज्जा बांधलाय, तिथूनच दर्शन. पंढरपुरात पदस्पर्शाऐवजी मुखदर्शन घेतल्यासारखं. १९६६ मध्ये हे झाड उजेडात आलं. काही ठिकाणी त्याचं वय ७२०० वर्षं लिहिलेलं असतं. बाई हसून म्हणाल्या, सुमारे ७३०० वर्षांपूर्वी जवळच्या समुद्रातला ज्वालामुखी फुटला, तेव्हा जळता लोट या बेटावरून गेला होता, मग तुम्हीच हिशोब करा. आतलं लाकूड तपासून मिळालेला आकडा २१७० वर्षांचा. गाभा पोकळ आहे, वर्तुळं मोजायला शिल्लकच नाहीत. पाऊस सुरू झाला, धुक्यात शेंडा दिसेना. आम्ही उभ्याउभ्याच उमेबोशीचे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेले, भाताचे गोळे खाल्ले आणि उतरलो.

एक गोष्ट सांगू का नको असं होतंय, पण कोणी तरी जाल, तर सांगतोच. वाटेवर शौचासाठी आडोशाच्या खोल्या आहेत, त्यात नुसती बैठक. पिशवी आपली आपण आणायची, लावायची, बांधायची आणि पाठीवरून खाली न्यायची. बायकोने पिशव्या घेताना माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण राजगडाच्या पद्मावती माचीवर सोमवारी सकाळी गेलेल्या माणसाने यावर विनोद करू नये.

तिसऱ्या दिवशी शिरातानी उनसुइक्यो. ही शेवाळाची दरी. बाईंनी खिशातून भिंग काढून बायकोच्या हातात दिलं आणि एका दगडापाशी आम्हाला वीस मिनिटं बसवलं. वीस मिनिटांत मी एखादा सुळका अर्धा चढतो! पण भिंगातून दिसत होतं ते असं: प्रत्येक काडीच्या टोकाला एक थेंब, आणि प्रत्येक थेंबात उलटं जंगल. बायको पुटपुटली, "रांगोळीची मांडणी आहे रे ही." गुडघा विसरून ती ओल्या फळीवर पालथी झाली होती.

परतताना बाईंनी आपल्या सासरच्या गावची चाल सांगितली. ताकेमाइरी. वर्षातून दोनदा गावचे काही लोक गावाच्या वतीने डोंगरावरच्या देवाला जातात. निघण्याआधी समुद्रावरून वाळू घेतात, ती शिखरावरच्या देवळाशी ठेवतात, आणि येताना शाकुनागे नावाच्या डोंगरी फुलझाडाची डहाळी गावासाठी आणतात. समुद्र वर पोचवायचा, डोंगर खाली आणायचा. मी म्हटलं, आमच्याकडेही देवासाठी राखलेली रानं असतात, देवराई म्हणतात, तिथे काटकीसुद्धा उचलत नाहीत. त्या खूश झाल्या. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

"किती वर्षांची झाडं आहेत तिथे?"

मला रायगडाच्या राज्याभिषेकाचं साल येतं, पुरंदरच्या तहाचं येतं, कुठल्या किल्ल्यावर किती टाकी आहेत हेही येतं. चाळीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. एका झाडाचं वय मला सांगता येईना. कुठल्याच.

"खूप जुनी," म्हटलं. त्यांनी मान डोलावली. जपानी माणूस समोरच्याला अवघडून टाकत नाही.

तर गाईड कशाला, याचं उत्तर यात कुठे तरी आहे. नेमकं कुठे ते तुम्ही बघा.

परवा डिसेंबरात भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या आहुप्याला गेलो होतो, तिथली देवराई बघायला. गावातलेच एक बाबा बरोबर घेतले, आणि या वेळी रीतसर पैसे ठरवून घेतले. गारंबीच्या वेलींनी लपेटलेलं एक अवाढव्य झाड होतं. मी त्यापाशी थांबलो आणि विचारलं, "बाबा, हे किती वर्षांचं असेल?"

त्यांनी झाडाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"माझा आजा सांगायचा, त्याच्या आज्यानं पाहिलं तवा पन येवढंच व्हतं."

मी वही काढून तसंच्या तसं लिहून घेतलं.