गाडी नसताना अलिबाग-आक्षी-नागाव-रेवदंडा, एका दिवसात, एकटीने

अलिबागला जायचं म्हटलं की लोक आधी गाडी कोणाची आणि रूम कुठे हे विचारतात. दोन्ही नसताना मस्त होतं. फक्त दोन गोष्टी आधी बघून ठेवायच्या, ओहोटी किती वाजता आहे आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे. बाकी सगळं ह्या दोन वेळांच्या मध्ये बसवायचं.

ओहोटीचं आधी सांगते कारण अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर सगळा दिवस त्यावरच ठरतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे, तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे सप्तमीला सव्वापाचला भरती, सव्वाअकराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप लांब हटतं खरं पण ते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला काही उपयोग नाही. त्यामुळे षष्ठी ते नवमीतला एखादा दिवस पकडा. मी सप्तमी धरली. ह्यात तोटा एवढाच की तेव्हा भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती-ओहोटी असते, वाट पूर्ण कोरडी होत नाही, मला पोटऱ्यांपर्यंत पाणी लागलं. हिशोब ढोबळ आहे, निघायच्या आधी मोबाईलवर टाइड टेबल बघाच आणि तिथे पोचल्यावर घोडागाडीवाल्यांना पण विचारा, त्यांचं पोटच त्या पाण्यावर आहे.

जायचं कसं, तर गेटवेहून सकाळची लवकरची लाँच. कॅटामरानला तासभर लागतो आणि तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस येते, बसचा पाऊण तास धरा. तिकीट फेकू नका, बसमध्ये चढताना बघतात. वरच्या डेकचे थोडे जास्त घेतात, थंडीत सीगल मागे लागतात तेव्हा द्यावेत, मे महिन्यात उगाच. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, आहे, २०२० पासून चालू आहे, पण हवामान बिघडलं की ती पण रद्द होते.

अलिबागचा बीच मला स्वतःला काही खास वाटत नाही, गर्दी, एटीव्ही, उंट. किल्ल्यासाठी जायचं. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चालायचं. आत गणपतीचं देऊळ आहे, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, आणि भर समुद्रात असून गोड्या पाण्याची विहीर. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. ओहोटीच्या वेळेआधी तासभर आत शिरा आणि ओहोटीनंतर तासाभरात बाहेर पडा, पाणी परत चढायला लागलं की ते वाटतं त्यापेक्षा भराभर चढतं. चप्पल मागे पट्टा असलेली घाला, खडकांवर कालवं असतात, पाय कापतो.

तिथून एसटी स्टँड, आणि रेवदंडा किंवा मुरूडकडे जाणारी कुठलीही लालपरी. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा सगळं ह्याच एका रस्त्यावर आहे. बायकांना २०२३ पासून अर्ध तिकीट, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर उतरून परत चढायला जिवावर येत नाही. एसटी दिसत नसेल तर मिनीडोर, म्हणजे शेअर रिक्षा, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. सुट्टे ठेवा, यूपीआय चालतं पण रेंज गेली की कंडक्टर आणि आपण दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

आक्षीला उतरून नागावपर्यंत किनाऱ्याने चालत जा, हा भाग ह्या अख्ख्या दिवसातला सगळ्यात भारी. फाट्यापासून आत नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून गार रस्ता, मग सुरूचं बन आणि पुढे एकदम मोकळी वाळू. शनिवार-रविवार सोडून गेलात तर चार कोळी आणि पक्षी सोडून कोणी नाही. अलिबागच्या बीचवरूनच चालत आक्षीला जाऊ असं मनात आणू नका, मध्ये खाडी आहे. नागाव जवळ आल्याचं कळतंच, बनाना राईडवाल्यांची ओरड ऐकू येते. एकटीचं म्हणून सांगते, दिवसा कुठेही भीती वाटली नाही, पण एकटं असताना पाण्यात घोट्याच्या पुढे जायचं नाही हा माझा नियम, बॅग वाळूत आणि लक्ष बॅगेत असं पोहणं कशाला.

जेवण नागावला घरगुती खानावळीत. एकट्या माणसाला थाळी द्यायला काही ठिकाणी कुरकुर करतात, आधी ऑर्डर लागते म्हणतात, म्हणून जेवायच्या तासभर आधी फोन करून ठेवा. वालाचं बिरडं मिळालं तर मासे सोडून ते घ्या, मी असं म्हणतेय म्हणजे बघा.

रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्याची तटबंदी गावाभोवतीच आहे, माणसं तटाच्या आत राहतात, त्या पडक्या भिंतींमधूनच बीचवर जायचं. १७४० मध्ये हे मराठ्यांकडे आलं. समोर कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो, तिथल्या गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. कोर्लई आणि काशीद एका दिवसात कोंबू नका, तो वेगळा दिवस.

आता परतीचं. बोट कंपनीची बस अलिबागहून बोटीच्या बऱ्याच आधी सुटते, ती वेळ सकाळी उतरतानाच विचारून घ्या. सूर्यास्त बघायचाच असेल तर बोटीचा नाद सोडा, अलिबाग-पनवेल एसटी आणि पुढे लोकल. मात्र रविवारी संध्याकाळी हे करू नका, वडखळपर्यंत रस्ता तुंबलेला असतो. आणि फेब्रुवारीनंतर जात असाल तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळतात, भाव करून घ्या, पण त्या परतीच्या एसटीत चढायच्या आधी, सकाळी घेतल्यात तर दिवसभर गळ्यात घालून फिरावं लागेल.