खालच्या थरातला जड नमुना

पिकाच्या जमिनीवरच्या भागाचा भार, म्हणजे वाळलेले वजन, काढणे तसे सरळ काम आहे: ठरावीक क्षेत्रातली रोपे कापायची, वाळवायची आणि काट्यावर ठेवायची. मुळांचे तसे नसते. जे तोलायचे ते दिसत नाही, मातीतून सोडवताना ते तुटते, आणि हाती येते ते सगळे याच पिकाचे आहे याचीही खात्री नसते. हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते किती खरे आहे, हे गव्हाच्या एका शेतातल्या एका नमुन्याने दाखवले.

गहू फुलोऱ्यावर होता. तृणधान्यांच्या मुळांचा भार साधारण याच सुमारास सर्वाधिक असतो आणि दाणे भरू लागले की झाडाचा ओढा वर वळतो, म्हणून नमुने घेण्यासाठी आम्ही हीच वेळ धरली होती. आतून 7 सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी हातोड्याने ठोकत खाली न्यायची आणि निघालेल्या मातीच्या कांडीचे 15 सेंटिमीटरचे तुकडे करून ते वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे, अशी पद्धत होती. प्रत्येक ठिकाणी एक नळी ओळीवर आणि एक दोन ओळींच्या मध्यभागी, कारण वरच्या थरात या दोन जागांमधला फरक इतका मोठा असतो की केवळ ओळीवरचे नमुने घेतले तर आकडा उगाच फुगतो. जमिनीला वाफसा असला तरच हे काम नीट होते. ओल जास्त असली की नळीत माती दाबली जाते, म्हणून आम्ही दर वेळी भोकाची खोली आणि कांडीची लांबी दोन्ही मोजत होतो, आणि त्यांत ठळक तफावत आली की ती कांडी टाकून देत होतो.

नांगरटीच्या खाली घट्ट थर होता. नळी तिथे पोचली की हातोड्याचा आवाज बदलत असे, आणि त्या थराखालच्या मातीत मुळे विरळ असणार हा आमचा अंदाज बहुतेक नमुन्यांनी खराही ठरवला. अपवाद एकच, 45 ते 60 सेंटिमीटरच्या थरातला. धुण्याआधी त्यात वेगळे असे काही दिसत नव्हते.

धुण्याचे काम कंटाळवाणे असते, पण सगळी मोजणी तिथेच तरते किंवा बुडते. चिकणमाती सुटी व्हावी म्हणून नमुना सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट मिसळलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचा, मग हलक्या हाताने ढवळून वरचे गढूळ पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून पुन्हा पुन्हा ओतायचे. चाळणी 2 मिलिमीटरची घेतली तर काम झटपट उरकते, पण बारीक मुळे पाण्याबरोबर निघून जातात. या बारीक मुळांचे वजन थोडे असले तरी लांबी अफाट असते. हॉवर्ड डिट्मर यांनी 1937 मध्ये पेटीत वाढवलेल्या राय धान्याच्या एकाच झाडाच्या मुळांची एकूण लांबी 600 किलोमीटरहून अधिक भरल्याचे नोंदवले होते. तो आकडा शेतातल्या झाडाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण चाळणी निवडताना मला तो हटकून आठवतो.

त्या नमुन्याची माती विरघळली तेव्हा चाळणीवर मुळांचा एक जुडगा उरला. एरवी या खोलीवर सुटी, वाकडीतिकडी चार-दोन मुळे मिळतात. ही मात्र वेणीसारखी एकमेकांना धरून, सरळ खाली गेलेली होती. भोवती एक काळपट, पातळ साल होती, आणि चिमट्याने ती सोडवताना तिचे तुकडे होत होते. वाळवल्यावर त्या थराच्या इतर नमुन्यांच्या मानाने कित्येक पट वजन भरले.

पहिला संशय अर्थातच आमच्यावरच होता. वरच्या थराची पिशवी इथे आली असेल का? पिशवीच्या आतली आणि बाहेरची चिठ्ठी जुळत होती. हरळी असेल का? हरळीच्या भूमिगत खोडाला पेरे असतात, इथे एकही नव्हते. आधीच्या पिकाची मेलेली मुळे असतील का? मेलेले मूळ काळवंडते आणि चिमट्यात धरले की तुटते. ही फिकट होती, ताणली तर लवचीक होती. मुळांना माती चिकटून वजन वाढले असेल, ही शंका शेवटची. ती फेडण्यासाठी त्यातला थोडा भाग भट्टीत 500 अंशांवर जाळून राख तोलली, कारण माती असेल तर ती जळत नाही, राखेबरोबर मागे उरते. राख जेमतेम निघाली. म्हणजे मुळे गव्हाची होती, जिवंत होती आणि स्वच्छही होती.

मग त्या भोकाशेजारी खड्डा घेतला. घट्ट थराच्या खाली माती सुरीने आडवी सपाट केली तेव्हा जागोजागी काळसर कडा असलेली चार-पाच मिलिमीटरची भोके दिसली, आणि त्यांतल्या बऱ्याचशा भोकांत गव्हाची मुळे दाटीने उभी होती. मधल्या सपाट मातीत मात्र एखादेच मूळ. शेतावरचे जुने मदतनीस खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, इथे आधी लसूणघास होती, चांगली तीन-चार वर्षं.’’ लसूणघासाचे सोटमूळ खोल जाते. ते कुजल्यावर मागे राहिलेल्या वाटेने गहू घट्ट थर ओलांडून गेला होता. ती काळपट साल त्या जुन्या मुळाचीच होती.

खरा वाद त्यानंतर सुरू झाला. हा आकडा इतरांपासून फार दूर आहे, तो वगळावा, असे माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य होते. या नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 38.5 चौरस सेंटिमीटर असते, त्यामुळे चौरस मीटरचा हिशोब करताना प्रत्येक वजनाला 260 ने गुणावे लागते. नमुन्यातली 10 मिलिग्रॅमची भर हेक्टरी 26 किलो होऊन बसते. एका भोकावर नळी बसली म्हणून सगळ्या शेताची सरासरी वर जावी, हे त्याला पटत नव्हते. मला मात्र ते मूल्य वगळणे मान्य नव्हते. चुकीचे मोजमाप वगळावे. हे मोजमाप बरोबर होते, गैरसोयीचे होते इतकेच. या खोलीवर मुळे जर मोजक्या वाटांमध्येच एकवटत असतील, तर बहुतेक नळ्या कमी दाखवणार आणि एखादी भरमसाट दाखवणार, हे ओघानेच आले.

शेवटी आम्ही आणखी काही ठिकाणी आडवे छेद घेतले, चौकट ठेवून भोके मोजली, भोकांतली आणि बाहेरची मुळे वेगळी तोलली आणि त्यावरून त्या थराचा भार स्वतंत्रपणे काढला. तो नळ्यांच्या मध्यकापेक्षा (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या मूल्यापेक्षा) बराच जास्त आणि त्या जड नमुन्यासकट काढलेल्या सरासरीपेक्षा कमी आला. अहवालात तिन्ही आकडे दिले. वरच्या थरात कमी नळ्या आणि खालच्या थरात जास्त, अशी वाटणी पुढच्या हंगामासाठी ठरली, कारण धुण्याचे तास मर्यादित असतात आणि अनिश्चितता खाली जास्त आहे. सहकाऱ्याला अजूनही मध्यकच योग्य वाटतो.