मास्तर शिकवतात कधी?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' यंदा पुन्हा वाचली, तीही मोठ्यानं, भाचीसाठी. पोरगी इंदूरच्या लोकमान्य नगरात वाढलेली. घरात मराठी बोलते, पण शाळा हिंदी-इंग्रजीतली, त्यामुळे मराठी पुस्तक पुढं केलं की तोंड वाकडं. माडगूळकरांची वाक्यं आखूड, फुलोरा नावाला नाही. म्हणून बैठक टिकली.

दोन-चार बैठका झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, हे मास्तर शिकवतात कधी?"

नेमकं बोट ठेवलं. औंध संस्थानातला पोरसवदा राजाराम सौंदणीकर शाळा चालवायला धनगरांच्या वाडीत येतो आणि गावाची भलतीच कामं त्याच्या गळ्यात पडतात. अंजीची चोळी शिवून आणायचं कामसुद्धा! त्यावरून तिच्या म्हाताऱ्या बापाच्या, कारभाऱ्याच्या, मनात किल्मिष शिरतं. एका बैलावाचून शेकूचं अडतं, तर त्याची बायकोच जोखडाला खांदा देते. माडगूळकर तिथं एक हळहळ खर्चत नाहीत. खेडं सुधारायला निघालेल्या नायकांचा मला मनापासून कंटाळा आहे. हा मास्तरही गावाकडून तालीम बांधून घेतो, खुद्द राजेसाहेब येतात, मोठा सोहळा होतो. मग पाऊस दडी मारतो आणि वाडी उठते. तालीम असली काय, नसली काय. १९५५ साली आलेली ही कादंबरी मला शिळी वाटत नाही ती यामुळेच. मास्तरला लेखकानं गावापेक्षा मोठं होऊ दिलं नाही.

आम्हा इंदूरकरांना धनगर म्हटलं की राजवाडा आठवतो, होळकरांची गादी आठवते. मल्हारराव लहानपणी मामाकडे, तळोद्याला, मेंढरं राखत, हे आम्ही पाठ केलेलं. पण पुढच्या पराक्रमाची प्रस्तावना म्हणून. मेंढरं मरायला लागली की माणसं काय करतात, हे मला या पुस्तकानं दाखवलं.

अमोल पालेकरांचा १९९५चा सिनेमा आधी दाखव, असं बहिणीचं म्हणणं होतं. मी अडवलं. आता खुशाल बघा.

भाची मात्र मास्तरवर रागावलीय. शेवटी तो वाडी सोडतो, हे तिला मंजूर नाही.

"अगं, पोरंच उरली नाहीत, शाळा कुणाची भरवणार?"

"मग त्यांच्या मेंढरांमागं जायचं ना. मी गेले असते."

"आणि पगार?"

"मावशी, तू ना अगदी कारभारी आहेस."