भिंतीवरचा चतुर

कुंपणाच्या भिंतीवर, वाळलेल्या शेवाळाच्या डागापाशी बसलेला चतुर मला दिसला तो उडाल्यानंतरच, आणि यात माझ्या नजरेचा दोष फारसा नाही. इंग्रजीत ‘ग्रॅनाइट घोस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चतुराचे अंग काळ्या, राखाडी आणि पांढुरक्या ठिपक्यांनी असे भरलेले असते की, पंख पसरून तो दगडाला टेकला की दगडच होतो. पारदर्शक पंखांच्या टोकाजवळचा, दोन्ही कडांना पांढरा असलेला काळा ठिपका तेवढा जवळून ओळखू येतो. मूळचा हा कातळावरचा रहिवासी. खडकांतल्या पावसाळी डबक्यांत त्याच्या अळ्या वाढतात, पण सिमेंटच्या उघड्या टाक्याही त्याला चालतात. या अळ्या डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे अंगणातली जुनी टाकी मी अजून बुजवलेली नाही.