माळ्यासाठी शिडी निवडताना

कोकणातल्या आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर सुके नारळ, आमसुलांच्या बरण्या आणि गणपतीत लागणारी पितळी भांडी ठेवलेली असतात आणि ती काढायला बहुधा आईच वर चढते. म्हणून जुनी बांबूची शिडी बदलायचे ठरले, तेव्हा ओझे हातात घेऊन खाली उतरणे किती निर्धोक आहे, हा निकष मी सर्वांत आधी ठेवला.

माप जमिनीपासून माळ्याच्या फळ्यांच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत घ्यावे; नुसते छताच्या खालच्या बाजूपर्यंत घेतले तर फळ्यांची आणि तुळईची जाडी हिशेबातून सुटते. आमच्याकडे ही उंची ९ फूट भरली. टेकवायच्या शिडीचा नियम असा, की ४ फूट उंचीमागे तिचा पाया १ फूट बाहेर असावा, म्हणजे जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन होतो. त्यानुसार पाया सव्वादोन फूट पुढे येतो. वर पाऊल टाकताना धरायला आधार हवा म्हणून शिडी फळ्यांच्याही सुमारे ३ फूट वर निघाली पाहिजे. असे धरून लांबी साडेबारा फुटांच्या आसपास जाते.

दुकानात एकात एक सरकणारी ॲल्युमिनियमची शिडी पाहिली. ती कोपऱ्यात मावते, पण पायऱ्या अरुंद असल्याने तळपायाला पुरेसा टेकू मिळत नाही. माळ्याच्या तोंडालाच बसवायची घडीची शिडी मला आवडली होती, परंतु ती उलगडायला समोर मोकळी जागा लागते आणि आमच्या माजघरात नेमके तिथेच कपाट आहे. लोखंडी शिडी खाऱ्या हवेत लवकर गंजते. ॲल्युमिनियम तसे गंजत नाही, मात्र त्यातून वीज वाहते आणि आमच्या माळ्यावर जुनी वायरिंग आहे, ही गोष्ट मी दुर्लक्षू शकलो नाही.

शेवटी चांगल्या मुरलेल्या सागाची शिडी सुताराकडून करून घेतली. पायऱ्या सपाट, ४ इंच रुंद आणि एकमेकींपासून १० इंचांवर आहेत. आईच्या गुडघ्यांना याहून मोठे अंतर झेपत नाही. वर तुळईत अडकणारे आकडे आणि खाली रबराचे बूट आहेत, कारण गुळगुळीत लादीवर लाकूड घसरते. हंडा मात्र शिडीवरून उतरवायचा नाही, दोरीने खाली सोडायचा, असे घरात ठरले आहे. माळ्याच्या तोंडाभोवती कठडा बसवण्याचे काम गणपतीआधी व्हायचे आहे.